कंटेनर समुद्रात गेला तर पैसे कोण देणार? माल पाठवायच्या आधी मरीन इन्शुरन्स असा बघून घ्या

२५ मे २०२५ ला एमएससी एल्सा ३ हे जहाज विळिंजमहून कोचीला जाताना केरळच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर बुडालं, वर ६४० कंटेनर होते, चोवीसच्या चोवीस माणसं वाचली हे फार बरं झालं, आणि त्या दिवशी समुद्रापासून एवढं लांब इथं कोल्हापूरजवळ शिरोलीत माझा फोन सकाळपासून वाजत होता. मी गेली कित्येक वर्षं कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव लोखंडी भागांच्या, एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो, त्यामुळं उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागल सगळीकडची मंडळी विचारतात. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, "दादा, जहाज बुडालं तर शिपिंग लाइन भरून देते ना?"

शिपिंग लाइन, म्हणजे माल नेणारी जहाज कंपनी, बहुतेक वेळा नाही देत, आणि हे माल गेल्यावर कळून उपयोग नाही म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, एका जहाजावर तीन वेगवेगळे इन्शुरन्स चालतात. जहाजाच्या सांगाड्याचा आणि इंजिनाचा वेगळा, तो जहाजमालकाचा. दुसरा पी अँड आय क्लबचा, म्हणजे जहाजमालकांनी एकत्र येऊन केलेली भिशीसारखी व्यवस्था, त्यातून तेल सांडलं, खलाशी जखमी झाला, कुणाचं नुकसान केलं ही देणी भागवतात. आणि तिसरा कार्गोचा, तो तुमचा तुम्ही काढायचा. पहिल्या दोन्हीत तुमच्या पंप बॉडीचा विचार कुणी केलेला नसतो.

मग शिपिंग लाइनवर दावा का लावता येत नाही? लावता येतो, पण समुद्री वाहतुकीच्या नियमात, ज्याला हेग-व्हिस्बी म्हणतात, लाइनला भक्कम बचाव दिलेले आहेत. जहाज चालवण्यात कॅप्टनची चूक झाली आणि खडकावर चढलं तरी मालक जबाबदार नाही. आग लागली आणि ती मालकाच्या स्वतःच्या दोषानं नसेल तरी नाही. समुद्राचं संकट म्हणून वादळ असेल तरी नाही. निघतानाच जहाज समुद्रात जायच्या लायकीचं नव्हतं आणि मालकानं नीट काळजी घेतली नाही असं निघालं तर त्याला धरता येतं, पण ते कोर्टात सिद्ध होईस्तोवर वर्षं जातात. आणि जबाबदार ठरला तरी मर्यादा आहे, एका पॅकेजला ६६६.६७ एसडीआर किंवा किलोला २ एसडीआर, जे जास्त असेल ते. एसडीआर म्हणजे आयएमएफचं हिशेबाचं एकक, दोन एसडीआर म्हणजे साधारण पावणेतीन डॉलर. कच्च्या कास्टिंगला किलोमागं हे पुरेल, पण मशीनिंग केलेल्या महागड्या पार्टला किंवा हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांना हे किलोवर बसणारं गणित काय कामाचं?

आता तुम्ही काय करायचं ते. सगळ्यात आधी ऑर्डरमधली टर्म बघा. आपल्याकडं एफओबी (फ्री ऑन बोर्ड, म्हणजे माल जहाजावर चढवून देण्यापर्यंत विक्रेत्याचं) लिहिलं की लोक निर्धास्त होतात, "जोखीम बायरची". बायरची जोखीम माल जहाजावर चढल्यावर सुरू होते. कारखान्याच्या गेटपासून न्हावा शेवापर्यंतचे जवळपास चारशे किलोमीटर, खंबाटकी घाट, यार्डात पडून राहिलेले दिवस, हे सगळं तुमच्या डोक्यावर. ७ ऑगस्ट २०१० ला तिथंच बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ यांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात तरंगत होते आणि वाहतूक काही दिवस बंद पडली, तेव्हा गेटवर रांगेत उभ्या असलेल्या मालाचा मालक कोण होता हे आठवा. शिवाय जहाज बुडाल्यावर बायरनं पैसे द्यायला टाळाटाळ केली तर? कायद्यानं देणं असलं तरी वसूल करायला तुम्ही परदेशात जाणार का? म्हणून एफओबी असेल तर दोन गोष्टी मागा, गेट ते जहाज असं कव्हर आणि त्यावर सेलर्स कंटिन्जन्सी, म्हणजे बायर हटला तर तुमची पॉलिसी उभी राहते.

सीआयएफ असेल, म्हणजे किमतीत मालासोबत इन्शुरन्स आणि जहाजाचं भाडंही धरलेलं, तर पॉलिसी तुम्हीच काढता पण जहाजावर चढल्यानंतरचा धोका बायरचा, म्हणून पॉलिसी मागं सही करून त्याच्या नावे सोडायची असते. रक्कम सीआयएफ किमतीच्या ११० टक्के धरायची, म्हणजे ४० लाखाच्या मालाला ४४ लाख. एलसी, म्हणजे बायरच्या बँकेची पैशाची हमी, असेल तर तारीख नीट बघा, पॉलिसीची तारीख शिपमेंटच्या तारखेच्या नंतरची असली तर बँक डॉक्युमेंट परत करते, आणि प्रीमियम भरल्याशिवाय आपल्या कायद्यात कव्हर सुरूच होत नाही, त्यामुळं "उद्या भरतो" हे इथं चालत नाही. महिन्याला दोनचार कंटेनर जात असतील तर प्रत्येक वेळी नवीन पॉलिसी न काढता ओपन पॉलिसी, म्हणजे सगळ्या शिपमेंटना मिळून एकच पॉलिसी, घ्या आणि प्रत्येक शिपमेंट न चुकता डिक्लेअर करा.

आणि आता खरा मुद्दा, ज्यात मी स्वतः पोळलोय. पॉलिसीवर इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस, म्हणजे कशाकशाचे पैसे मिळतील त्याच्या ठरीव अटी, असं लिहिलेलं असतं आणि पुढं कंसात ए, बी किंवा सी. हे एक अक्षर पॉलिसीतलं सगळ्यात महत्त्वाचं अक्षर आहे. सी मध्ये आग, स्फोट, जहाज बुडणं, रुतणं, टक्कर, ट्रक उलटणं, आणि जहाज वाचवायला माल समुद्रात फेकणं, एवढंच. बी मध्ये भूकंप, वीज, लाटेनं माल वाहून जाणं आणि समुद्राचं, तळ्याचं, नदीचं पाणी आत शिरणं हे वाढतं. ए मध्ये सगळं, जे स्पष्ट नाकारलंय ते सोडून. फरक कसा पडतो बघा. जहाज बुडालं तर सी वाला पण पैसे घेतो. पण जहाज सुखरूप राहिलं आणि वादळात तुमचा एकच कंटेनर लाटेनं डेकवरून गेला तर सी वाल्याला काही नाही. बंदरात चोरी झाली तर बी ला पण नाही, ए लागतं. आणि आपल्या भागाचं उदाहरण घ्या, २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, ट्रकच्या ट्रक रस्त्यावर अडकून पडले, त्यातल्या एखाद्या कंटेनरमध्ये ते पाणी शिरलं असतं तर बी आणि ए मध्ये क्लेम, सी मध्ये हातावर हात. सीआयएफ टर्ममध्ये नियमानं किमान सी दिलं की विक्रेता मोकळा होतो, सीआयपी या तशाच दुसऱ्या टर्ममध्ये मात्र ए द्यावं लागतं. म्हणून सीआयएफ असलं की फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणारा, स्वस्तातलं म्हणून सी टाकून देतो आणि आपण इनव्हॉइसच्या किमतीकडं बघत बसतो.

माझं झालं ते असं. पंप बॉडी मशीनिंग करून गेल्या होत्या, पावसाळा होता, कंटेनर आला, भरला, सील लावलं, गेला. दीड महिन्यानं बायरचे फोटो आले. दार उघडल्या उघडल्या पहिली रांग ठीक, मागच्या पॅलेटवर मशीन केलेल्या फेसवर तांबूस बुरशीसारखी गंजाची पुटं, व्हीसीआय पिशवीला, म्हणजे गंज रोखणाऱ्या प्लास्टिकला, कोपऱ्याला चिरा, खाली पॅलेटची लाकडं काळी पडलेली. छताला बोटाएवढं भोक होतं. पॉलिसी सी होती, पावसाचं पाणी त्यात नाहीच, क्लेम नाकारला आणि कागदावर ते बरोबर होतं. माझ्या हातून ते अक्षर वाचायचं राहिलं होतं.

त्या दिवसापासून आमच्याकडं कंटेनर आला की एक माणूस आत जातो, बाहेरून दार बंद करायचं आणि आत अंधारात उभं राहून वर, कोपऱ्यात, दाराच्या रबराजवळ बघायचं, कुठनं सुईएवढा जरी उजेड आला तरी कंटेनर परत. पाच मिनिटांचं काम आहे. याला कायद्याचाही अर्थ आहे, कारण कंटेनर खराब आहे हे तुम्हाला माहीत असून तुम्ही स्वतः माल भरला तर ए क्लॉजमध्ये सुद्धा क्लेम जातो. पॅकिंग अपुरं असेल तरी जातो. आपला धंदा लोखंडाचा, त्यामुळं पॉलिसीत रस्ट, ऑक्सिडेशन, डिसकलरेशन वगळलंय का हे खास शोधा, उघड्या धातूच्या मालाला हे वगळायची पद्धत आहे, आणि एजंटला विचारून पॅकिंगच्या अटीवर ते परत घालून घ्या. व्हीसीआय, डेसिकंट म्हणजे ओल शोषणाऱ्या पुड्या, आयएसपीएम-१५ चा म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा शिक्का असलेलं कोरडं पॅलेट, सगळ्याचे फोटो कंटेनर नंबर दिसेल असे काढून ठेवा.

ए घेतलं म्हणजे सगळं मिळालं असं पण नाही. उशीर कुठल्याच क्लॉजमध्ये नाही, लाइन दिवाळखोर झाल्यावर होणाऱ्या खर्चाचं पण तसंच, २०१६ ला हांजिन ही शिपिंग लाइन दिवाळखोरीत गेली तेव्हा माल बंदरोबंदरी अडकला होता. युद्ध आणि संप वेगळे विकत घ्यायचे. लाल समुद्रात हुतींच्या हल्ल्यात जखमी झालेलं रुबीमार हे जहाज २ मार्च २०२४ ला बुडालं, अशा वेळी वॉर क्लॉज नसेल तर ए पण शांत बसतं. शिवाय वॉर कव्हर साधारण माल जहाजावर असेपर्यंतच चालतं.

आता जनरल अॅव्हरेज. हे ऐकून माणसं चक्रावतात. जहाज आणि सगळा माल वाचवायला मुद्दाम काही फेकलं किंवा खर्च केला तर तो खर्च जहाजमालक आणि सगळे मालवाले आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात रुतलं, सहा दिवसांनी निघालं, मालकानं जनरल अॅव्हरेज जाहीर केलं, आणि ज्यांचा माल एकदम ठणठणीत होता त्यांनाही हमी दिल्याशिवाय माल मिळेना. समजा वाचलेल्या सगळ्याची किंमत ५०० कोटी आणि खर्च ५० कोटी, तर तुमच्या ४० लाखाच्या मालावर ४ लाख. इन्शुरन्स असेल तर, अगदी सी असलं तरी, कंपनी गॅरंटी देते आणि तुम्ही अॅव्हरेज बाँडवर, म्हणजे वाटा भरायच्या हमीपत्रावर, सही करून माल सोडवता. नसेल तर रोख डिपॉझिट. असा मेल आला की उत्तर द्यायच्या आधी, सही करायच्या आधी, इन्शुरन्सवाल्याला फोन करा.

नुकसान झालंच तर काय करायचं हे बायरला पण आधीच लिहून द्या, कारण दार तो उघडणार. सीलचा नंबर जुळतो का बघायचा, माल हलवायच्या आधी फोटो, डिलिव्हरी पावतीवर नुकसानीचा शेरा लिहूनच सही. नुकसान बाहेरून दिसत नसेल तर तीन दिवसांत लाइनला लेखी नोटीस. पॉलिसीच्या सर्टिफिकेटवर सर्व्हे एजंटचं नाव असतं, त्याला बोलवायचं, तो येईपर्यंत काही फेकायचं नाही, पण ओला माल सुक्यापासून वेगळा करायचा, नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी आहे. मग पॉलिसी, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल म्हणजे लाइननं दिलेली मालाची पावती, सर्व्हे रिपोर्ट, लाइनशी झालेला पत्रव्यवहार, सगळं एका फाइलमध्ये. लाइनवर दाव्याची मुदत एक वर्ष, ती संपत आली असेल तर लेखी मुदतवाढ घ्या, कारण तुमच्यामुळं तो हक्क गेला तर इन्शुरन्स कंपनी तुमच्या क्लेमवर बोट ठेवते.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. प्रोप्रायटरशिप किंवा मायक्रो युनिट असेल तर नंतर इन्शुरन्स ओम्बड्समनकडं, म्हणजे विमा लोकपालाकडं, जाता येतं, कोल्हापूरचं काम पुण्याच्या ऑफिसकडं आहे, वकील लागत नाही आणि फी पण नाही. मोठ्या युनिटला ग्राहक आयोग किंवा कोर्ट. पॉलिसी मिळाली की आजच पीडीएफ उघडा आणि कार्गो क्लॉजेसच्या पुढचं ते अक्षर शोधा, सी निघालं तर कंटेनर गेटबाहेर पडायच्या आत एजंटला मेल टाका.