पुरात हरवलेला माणूस कुठल्या फळीवर?

माझी कादंबरी पानशेतच्या पुराची. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं, पुण्याच्या नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी शिरलं, आणि ते ओसरल्यावर माडीवरचा भाडेकरू गायब. ट्रंक जागेवर, माणूस नाही. प्रकाशकाला पत्रात मी लिहिलं, 'सामाजिक-ऐतिहासिक-कौटुंबिक कादंबरी, रहस्याची किनार.' आठ महिन्यांनी बाड परत. आत चिठ्ठी : 'ऐतिहासिक घेत नाही.' चार शब्दांतला त्यांनी नेमका नको तो उचलला.

हे टाळायचं तर पत्रात कादंबरीचा एकच प्रकार लिहायचा. तो ठरवायला आधी कादंबरीतून एकेक गोष्ट काढून बघा. मी पूर काढून वाड्याला आग लावली, गोष्ट चालली. नळावरची भांडणं, वाटणीची कुरबुर काढली. पुस्तक रोडावलं, पण उभं राहिलं. भाडेकरू काढला आणि दुसऱ्या प्रकरणापुढे पान उलटायला कारणच उरेना. म्हणजे ही रहस्यकादंबरी. कबूल करायला जड गेलं हो. आमच्या घरात रहस्यकथा गादीखाली लपवून वाचायच्या, आणि मला तर 'ऐतिहासिक लेखिका' म्हणवून घ्यायचं होतं!

जुना काळ आला की ऐतिहासिक, एवढं ते सोपं नाही. मराठी वाचकाला त्यात इतिहासातली माणसं लागतात. 'स्वामी'त (१९६२) थोरले माधवराव आहेत. 'मृत्युंजय' (१९६७) कर्णाची, म्हणून पौराणिक. माझ्या वाड्यात बखरीत नाव निघेल असं कुणी नाही. 'सामाजिक'चं विचारूच नका, कुठं न बसणारं सगळं त्यात कोंबतात.

मग अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जा. जूनमध्ये नको, पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत तुमच्याशी कोण बोलणार? दुकानदाराला प्रकार विचारायचा नाही. गोष्ट दोन वाक्यांत सांगायची आणि विचारायचं, कुठे ठेवाल? मी सांगितली. पावती फाडता फाडता ते म्हणाले, "मग सापडला का तो?"

"ते वाचल्यावर कळेल."

मान वर न करता त्यांनी मागच्या फळीकडे बोट केलं. तिथे रहस्यकथावाले अर्नाळकर आणि भयकथावाले धारप.

उरली प्रकाशकाची सूची. त्यांनी अलीकडे काय काढलंय ते बघा आणि त्यांचाच शब्द पत्रात वापरा. ते 'थरारकथा' म्हणत असतील तर थरारकथा. पण शब्द एकच. पूर, वाडा, भांडणं पुढच्या वाक्यात येऊ द्या. माझं नवं पत्र असं सुरू होतं : 'रहस्यकादंबरी, ६२ हजार शब्द. पानशेतचा पूर ओसरल्यावर नारायण पेठेतल्या वाड्यात भाडेकरूची ट्रंक सापडते, भाडेकरू सापडत नाही.'