गणवेश उतरवून वर्गात उभं राहायचं असेल तर

शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे सैन्यातल्या ठरावीक वर्षांच्या अधिकारीपदाची, मुदत संपत आलेले कोणी ना कोणी दर वर्षी फोन करतात आणि साधारण एकच विचारतात: "सर, बाहेर येऊन शिकवायचं, थोडं लिहायचं, स्ट्रॅटेजीवर बोलायचं असं डोक्यात आहे. जमेल का?" जमेल. पण विचारणाऱ्याच्या डोळ्यासमोर लेफ्टनंट जनरल असतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

ते चित्र खोटं नाही. लेफ्टनंट जनरल जमीरुद्दीन शाह २०१२ ते २०१७ अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते. श्रीनगरच्या १५ कोअरचे प्रमुख राहिलेले सय्यद अता हसनैन २०१८ मध्ये काश्मीर केंद्रीय विद्यापीठाचे कुलपती झाले. दिल्लीची आयडीएसए ही संरक्षण अभ्यासाची संस्था १९६५ मध्ये उभी राहिली, तिचे पहिले संचालक मेजर जनरल सोम दत्त. निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकरांच्या समितीने सैन्याच्या लढाऊ क्षमतेवरचा अहवाल २०१६ मध्ये संरक्षण मंत्रालयाला दिला. हे सगळं आपण मेसमध्ये चहा घेताना ऐकलेलं असतं.

ऐकलेलं नसतं ते असं, की या मंडळींच्या मागे तीन-चार दशकांची नोकरी आहे, पेन्शन आहे आणि वाटेत मिळत गेलेल्या पदव्याही आहेत. वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज केलं की मद्रास विद्यापीठाची एमएस्सी पदरात पडते, दिल्लीच्या नॅशनल डिफेन्स कॉलेजात (एनडीसी) एमफिल व्हायचं. आपली मुदत दहा वर्षं, वाढवून घेतली तर आणखी चार. पेन्शनला २० वर्षं लागतात, म्हणजे ती नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२२ मध्ये अनुभवी लोकांना शिकवायला घेण्याची 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाट काढली. पदवीची अट नाही, सैन्यदलांचा उल्लेखही आहे, वाचून मी हरखून गेलो होतो. मग पुढची ओळ वाचली: किमान १५ वर्षांचा अनुभव. आपण १४ वर ऑल आऊट! रामालाही वनवास चौदाच वर्षांचा होता, पण परत आल्यावर गादी तयार होती. आपल्याला मिळतं तासिका तत्त्व, म्हणजे तासाच्या हिशेबाने शिकवणं.

कागदपत्रांचं पटकन सांगतो, कारण हे तुम्हाला माहीत असायला हवं. ओटीएतून, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या प्रशिक्षण अकादमीतून, निघताना मिळालेला मद्रास विद्यापीठाचा पीजी डिप्लोमा म्हणजे एमए नव्हे. मुलाखतीत तो बघून लोक कौतुक करतात आणि फाइल बंद करतात. एमए हवं, ५५ टक्क्यांनी, आणि वर नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं राज्यशास्त्राचं एमए नोकरीत असतानाच होतं, चौकीवर बसूनही होतं. नेटमध्ये 'संरक्षण व सामरिक अभ्यास' हा वेगळा विषय आहे आणि मोह त्याचाच होतो, पण मुंबईतल्या कॉलेजांत जागा निघतात त्या मुख्यतः राज्यशास्त्राच्या. त्यामुळे मुंबईतच राहायचं असेल तर राज्यशास्त्रातून द्या. पेपर दोन, मिळून ३०० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही, तेव्हा चाळिशी आली म्हणून रडू नका.

आता खरा खड्डा. यात मी पडलो, माझ्या ओळखीचे बहुतेक जण पडले, आणि तुम्हीही पडणार आहात, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

पीएचडीचं पहिलं प्रकरण मी काश्मीर खोऱ्यातल्या दहशतवादविरोधी मोहिमांवर लिहिलं. झोकात लिहिलं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी कधी परेड ग्राउंडही पाहिलेलं नाही. त्यांनी पेन्सिल घेतली आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढून समासात दोनच शब्द लिहीत गेल्या: 'हे कुठून?' पानामागून पान, हे कुठून, हे कुठून. मी म्हटलं, "मॅडम, मी स्वतः तिथे होतो." त्या शांतपणे म्हणाल्या, "होतात, मी मानते. वाचणाऱ्याने का मानावं? आणि तुमच्या शेजारच्या कंपनीच्या मेजरनी उद्या नेमकं उलट लिहिलं, तर मी कोणाचं खरं धरू?"

डोकं तापलं होतं, खोटं कशाला बोलू. पलटणीत 'मी पाहिलंय' म्हटलं की विषय संपतो. सुभेदारसाहेब मान डोलावतात, सीओ, म्हणजे पलटणीचा प्रमुख, पुढचा मुद्दा घेतो. तिथे शब्दाला वजन असतं ते खांद्यावरच्या फितींचं आणि सोबत काढलेल्या रात्रींचं. मुंबई विद्यापीठाच्या कलिनातल्या सेमिनार हॉलमध्ये समोरच्याने ना फिती पाहिलेल्या ना रात्री. त्याने तुमच्यावर विश्वास ठेवायचा तर तुम्ही जे पाहिलंत ते त्यालाही तपासून बघता आलं पाहिजे. बरं, आपण जे आतून पाहिलेलं असतं, त्यातलं बरंचसं बाहेर बोलायचंच नसतं. १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट रिटायर झाल्यावर सुटत नाही. म्हणजे जे आपल्याला ठाऊक आहे ते लिहिता येत नाही, आणि जे लिहिता येतं ते आपण वाचलेलं नसतं! चौदा वर्षांच्या अनुभवाचा हा हिशेब कोणीतरी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं.

यावर माझा उपाय साधा आहे. वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे तुम्हाला जे माहीत आहे ते, उजवीकडे ते कुठे छापून आलंय ते. उजवी बाजू रिकामी राहिली तर ते वाक्य लेखातून जातं, कितीही खरं असलं तरी. उजवी बाजू भरायला साहित्य ढीगभर आहे. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल समितीचा अहवाल काही भाग गाळून का होईना, २००० मध्ये संसदेत ठेवला गेला. संरक्षणविषयक स्थायी समिती दर वर्षी अनुदानाच्या मागण्यांवर अहवाल देते, त्यात अधिकाऱ्यांच्या साक्षीच असतात. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचे अहवाल आहेत. युनिटमध्ये 'दारूगोळा कमी आहे' म्हणून आपण कुरकुरायचो, ती कुरकुर कॅगने आकड्यांसकट २०१५ मध्ये छापली आहे. वाचलं नव्हतं आपण, एवढंच.

जे जनरल पुढे विचारवंत म्हणून टिकले ते पदामुळे टिकले असं आपल्याला वाटतं. मला तसं वाटत नाही. ते नोकरीत असतानाच लिहीत होते. कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात घ्या. पूर्व कमांडचे प्रमुख असताना त्यांनी चीन नेफात (आजच्या अरुणाचलात) कसा उतरेल याची लेखी मांडणी १९५९ मध्ये वर पाठवली आणि मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' हा सराव घेऊन तीच दाखवली. वरच्यांनी मनावर घेतली नाही. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले, १९६२ मध्ये जे व्हायचं ते झालं. तेव्हा 'मी सांगितलं होतं' म्हणणारे पुष्कळ निघाले, पण थोरातांकडे तारीख घातलेला कागद होता. सुंदरजींचंही तेच. लष्करप्रमुख व्हायच्या कितीतरी आधी, महूच्या कॉलेज ऑफ कॉम्बॅटचे कमांडंट असताना, त्यांनी अण्वस्त्रांवर टपालाने चर्चासत्र चालवलं आणि १९८१ मध्ये त्याचे निबंध काढले. प्रकाश मेनन तर लेफ्टनंट जनरल असून मद्रास विद्यापीठाची रीतसर पीएचडी करून बसले, मर्यादित युद्ध आणि अण्वस्त्रांचा धाक या विषयावर. त्यांनाही कोणीतरी 'हे कुठून' विचारलंच असणार.

शॉर्टकटबद्दल माझी मतं जरा कडू आहेत, ज्याला टोचतील त्याने पुढे जावं. टीव्हीवर जाऊ नका, निदान पहिली दोन-तीन वर्षं. स्टुडिओतून गाडी येते, नावापुढे 'संरक्षणतज्ज्ञ' लागतं, आई सोसायटीत सगळ्यांना सांगून येते. मग आठ चौकटींतल्या एका चौकटीत बसून तुम्ही अर्ध्या मिनिटात ओरडता, आणि पुढे शोधनिबंध पाठवला की वाचणारा तुमचा आवाज आठवूनच कागद उचलतो. प्रेरणादायी भाषणांचंही तसंच. शाळेचं गॅदरिंग, शाल, श्रीफळ, टाळ्या. वाईट काही नाही, पण याला शिकवणं म्हणत नाहीत. आणि फ्लेक्सवर गणवेशातला फोटो लावून एसएसबीची (सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतीची) तयारी करून घेणारी अकादमी काढायची असेल तर खुशाल काढा, पैसा त्यातच आहे. मग स्ट्रॅटेजीचं नाव घेऊ नका.

मार्गदर्शक म्हणून जनरलसाहेबांच्या मागे लागू नका. ते प्रेमाने पाठीवर हात ठेवतात, दोन फोनही करतात, पण त्यांना सेटचा फॉर्म कसा भरतात हे माहीत नसतं. तुमच्या आधी तीन-चार वर्षं बाहेर पडलेला मेजर शोधा. त्याला सगळं ताजं ठसठसत असतं. आणि गाइड सिव्हिलियनच घ्या. फौजी गाइड घेतलात तर दोघं मिळून जुन्या गप्पा माराल आणि प्रकरण तसंच राहील.

एवढं वाचून कोणी बेत रद्द करत असेल तर थांबा. वर्गात आपल्याकडे जे आहे ते इतरांकडे नाही. नकाशा वाचता येतो, वाळूचं मॉडेल करता येतं, चाळीस मिनिटांत मुद्दा मांडून संपवता येतो. टीवायच्या वर्गाला मी सिलिगुडी कॉरिडॉर, म्हणजे ईशान्येला उरलेल्या देशाशी जोडणारी चिंचोळी पट्टी, शिकवताना चार बाकं सरकवून मध्ये फट ठेवली, ती वीसेक किलोमीटरची मान, आणि मागच्या रांगेतल्या सगळ्यांना दप्तरं घेऊन त्यातूनच ईशान्येला जायला सांगितलं. दोन मिनिटांत अशी कोंडी झाली की दादर स्टेशन बरं. एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे चीनला सगळं नकोच आहे, एवढं बाक पुरे." लष्करी भाषेत हेच सांगायला आपल्याला दोन स्लाइड लागतात. त्या दिवशी घरी येताना गाडीत बसायला मिळालं नाही आणि त्याचं काही वाटलंही नाही.

पैशाचं मात्र स्पष्ट बोलतो. तासिका तत्त्वावर तास भरला तर पैसे. सुट्टी, परीक्षा, मे महिना कोरडा. बिल कधी निघेल हे बिल काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एका कॉलेजात पहिल्या सत्राचे पैसे दुसरं सत्र संपताना आले. ग्रॅच्युइटीतून घराचा हप्ता आगाऊ भरून ठेवा, किंवा आठवड्यातले तीन दिवस दुसरं काम धरा. मी एका कंपनीच्या सुरक्षा विभागासाठी घरबसल्या अहवाल लिहितो आणि त्याची लाज वाटत नाही. बायकोला, नवऱ्याला हे आकडे आधी दाखवा. बदल्या सोसून झाल्यावर त्यांना वाटत असतं की आता स्थिरस्थावर होणार.

मुदत संपायला दोन वर्षं राहिली असतील तर एमएला आत्ताच नाव घाला. शेवटच्या टप्प्यात डीजीआरचा, म्हणजे सैनिकांच्या पुनर्वसनाचं खातं पाहणाऱ्यांचा, २४ आठवड्यांचा मॅनेजमेंट कोर्स सगळे घेतात. घ्या, पण संध्याकाळी नेटचा पेपर एक उघडा. मुंबईत आलात की फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक ग्रंथालयाचं सभासदत्व आणि कलिनाच्या नेहरू ग्रंथालयाचा पास, दोन्ही काढून ठेवा. तासिका तत्त्वाच्या जाहिराती जून-जुलैत येतात आणि मुलाखतीला मूळ गुणपत्रिका मागतात. पदवीची गुणपत्रिका बहुतेकांची कुठल्यातरी काळ्या ट्रंकेत असते, ती आत्ताच शोधा. मुलाखतीला ब्लेझर नको, मेडल तर नकोच. नमुना तास घ्यायला सांगतात, पंधरा मिनिटांचा. कारगिल घेऊ नका, सगळे फौजी तोच घेतात.