आब्लार: शेपटी बदला, माणूस बदलतो

स्पॅनिशमध्ये 'आब्लार' म्हणजे बोलणे. लिहिताना सुरुवातीला 'एच' असतो, पण तो मुका. शेवटचा 'आर' काढला की उरतं 'आब्ल', आणि त्याला शेपट्या जोडायच्या: आब्लो (मी), आब्लास (तू), आब्ला (तो, ती), आब्लामोस (आम्ही), आब्लाइस (तुम्ही सगळे), आब्लान (ते, त्या). यातलं आब्लाइस मुख्यतः स्पेनमध्येच चालतं. लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही सगळे'साठीही आब्लानच. आदरार्थी 'उस्तेद' एकट्यासाठी आब्ला घेतं, याची सवय मात्र मुद्दाम लावावी लागते.

'योऽ आब्लो, योऽ आब्लो' असं घोकू नका. शेपटीतच 'मी' आहे, आपण नाही का नुसतं 'येतो हं' म्हणत? शिवाय बोलतो-बोलते हा भेद इथे नाहीच, बाई असो की पुरुष, आब्लो. नकारासाठी आधी 'नो' लावला की झालं: नो आब्लो. आणि 'उद्या बोलतो तिच्याशी' हे आपल्यासारखंच वर्तमानकाळात बसतं: मान्याना आब्लो कोन एया.

खरी गंमत आघातात आहे. आब्लोचा जोर 'आ'वर. तोच शेवटच्या 'ब्लो'वर गेला की अर्थ होतो 'तो बोलला'. म्हणून रूपं वहीत भरण्याआधी मोठ्याने म्हणा, 'आ'वर टाळी देऊन; फक्त आब्लामोस आणि आब्लाइसला टाळी 'ब्ला'वर. मग त्याच शेपट्या 'त्राबाखार'ला, म्हणजे काम करणे, लावून पाहा: त्राबाखो, त्राबाखास... इथे मात्र टाळी 'बा'वर, आणि 'आम्ही', 'तुम्ही सगळे'च्या रूपांत 'खा'वर.