केबलच्या जाळीत करंट येतोय? आधी मीटर, मग हात

सेट-टॉप बॉक्सची पिन काढताना झिणझिण्या आल्या, तर बहुतेक वेळा कारण अ‍ॅडाप्टर असतो. दोन पिनच्या अ‍ॅडाप्टरमधल्या छोट्या कपॅसिटरमुळे केबलच्या जाळीवर (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टनावर) ८० ते ११५ व्होल्ट दिसतात, पण करंट एक मिलिअँपिअरपेक्षा कमी. खरा धोका वेगळा: शेजारच्या घरात फेज (विजेची जिवंत तार) एखाद्या उपकरणाच्या धातूच्या बॉडीला लागलेला असला, की तोच २३० व्होल्ट केबलवरून तुमच्या हातात. टेस्टर दोन्ही प्रकारांत पेटतो, म्हणून इथे तो कुचकामी.

आधी टीव्ही आणि बॉक्सचे प्लग उपसा, नुसते बटण बंद करून भागत नाही. रबरी हातमोजे घालूनच पिन सोडवा. मल्टिमीटर एसी ६०० किंवा ७५० वर ठेवून तो नीट आकडा दाखवतो का, ते चालू सॉकेटवर तपासा. मग एक प्रोब बाहेरून आलेल्या केबलच्या पिनच्या बाहेरच्या धातूला, दुसरा खात्रीच्या अर्थिंगला. आकडा आला, तर त्याच दोन टोकांना इन्सुलेटेड क्लिपांनी १५ वॅटचा फिलामेंटवाला झिरो बल्ब लावा (एलईडी नको, तो फसवतो). आकडा शून्याजवळ कोसळला तर गळती किरकोळ. बल्ब पेटला, तर केबलला हात लावू नका, घरातल्यांनाही लांब ठेवा आणि महावितरणला कळवा.

सांगलीत कृष्णाकाठच्या घरांत पूर ओसरल्यावर सॉकेट आतून ओलेच राहतात, अर्थिंगची वायरही गंजून तुटलेली सापडते. तिथे तिसऱ्या पिनच्या भोकावर विसंबू नका. खांबाजवळ अ‍ॅल्युमिनियमची शिडी तर नकोच.