बेकन स्प्रेड: गार कढईपासून बरणीपर्यंत

बेकन स्प्रेड करायला घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: आपल्याला बेकन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, तळायचं नाही, त्याची चरबी काढायची आहे. कुरकुरीत बेकन चुरून कांद्यात घातलं की झाला स्प्रेड, असं पुष्कळांना वाटतं. तसं केलेलं खायला वाईट नसतं, पण ते ब्रेडवर पसरत नाही, नुसतं सांडतं. चरबी सावकाश सुटली, तिच्यातच कांदा शिजला आणि शेवटी त्यातली थोडी परत आत गेली, तरच सुरीने लावता येईल असा मऊ, दाट ऐवज हाती येतो. मला हा पदार्थ अतिशय प्रिय आहे. इंदुरातल्या सामिष खाणाऱ्या मराठी घरांत तो व्हावा अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

आमच्याकडे डुकराचं मांस नवं नाही. 1972 चा वन्यजीव कायदा येण्याआधी सासरी रानडुकराचं लोणचं व्हायचं, ते सासूबाईंना अजून आठवतं. बेकन मात्र आलं ते महूच्या छावणीतून. माझे धाकटे दीर फौजेत, त्यांच्या मेसमध्ये नाश्त्याला अंड्यांबरोबर बेकन असायचं. सुट्टीवर आले की म्हणायचे, “वहिनी, एकदा घरी करून बघा ना.” तिथून हे वेड लागलं.

आता खरेदी. आपल्याकडे बेकन बहुतेक फ्रोझन पाकिटातच मिळतं. पाकिटावर ‘स्ट्रीकी’ लिहिलेलं बघा. ते पोटाकडच्या मांसाचं असतं आणि त्यात चरबीचे पांढरे पट्टे मांसाइतकेच ठसठशीत दिसतात. ‘बॅक बेकन’ पाठीच्या मांसाचं, त्याला चरबी जेमतेम कडेला. सँडविचला छान, आपल्या कामाचं नाही. माझा दुकानदार दर वेळी चिकनचं पाकीट पुढे करतो, “भाभीजी, ये ले जाओ, हल्का रहता है.” हलकं असतं हे खरं, पण चरबीच नाही तर कांदा कशात शिजवायचा? दुसरं म्हणजे घटकांची यादी वाचा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पाणी अगदी वर आलं असेल तर तेवढं पाणी आधी कढईत आटवावं लागेल, हे समजून घ्या. पाकिटात बर्फाचे खडे साचलेले असतील तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलेला असण्याची शक्यता मोठी, तो सोडून द्या. आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना थर्मल पिशवी घेतल्याशिवाय जाऊच नका.

एका मध्यम बरणीसाठी मी 400 ग्रॅम स्मोक्ड स्ट्रीकी बेकन घेते. त्याला तेवढ्याच वजनाचे कांदे, म्हणजे चार मध्यम. लसणाच्या सात-आठ पाकळ्या, 50 ग्रॅम चिरलेला गूळ, चार मोठे चमचे ॲपल सायडर व्हिनेगर, अर्धा कप दूध-साखर न घातलेली कडक कॉफी, एक चमचा जाडसर कुटलेली मिरी, अर्धा चमचा लाल तिखट. मीठ अजिबात नाही. बेकन मुळात खारवलेलं असतं आणि आटता आटता तो खारटपणा वाढतच जातो. अमेरिकेतल्या कृतींत ब्राऊन शुगर, मेपल सिरप आणि पुष्कळदा बर्बन व्हिस्की असते. माझ्या मते आपला गूळ मेपलपेक्षा सरस लागतो, कारण त्याला स्वतःची किंचित खारट, खरपूस चव आहे आणि ती धुराच्या वासाशी जमते. कॉफी वगळू नका. ती कॉफीसारखी लागत नाही, गोडाला फक्त एक कडसर बूड देते.

बेकन अर्धवट गोठलेलं असतानाच चिरा. पूर्ण मऊ झालं की सुरीखालून निसटतं. पट्ट्या एकावर एक रचून आडव्या, बोटाच्या पेराच्या निम्म्या रुंदीचे तुकडे करा. कढई जाड बुडाची, स्टीलची हवी. बिडाची कढई मलाही फार आवडते, पण पुढे व्हिनेगर बराच वेळ उकळणार आहे, लोखंडाची चव उतरते आणि रंग काळपटतो.

आता गार कढईत तुकडे घाला आणि मग गॅस लावा, मंद. कढई आधी तापवली तर मांस बाहेरून करपतं आणि चरबी आत तशीच, रबरासारखी राहते. गार कढईत ती हळूहळू वितळत जाते. पहिली पाच-सात मिनिटं निराशाजनक दिसतं: तुकडे फिके पडतात, पाणी सुटतं, वर पांढरट फेस येतो. येऊ द्या. गॅस वाढवू नका. पाणी असेपर्यंत कढईतून जाड, फुटकळ तडतड ऐकू येते. पाणी संपलं की आवाज बदलतो, बारीक आणि एकसारखा होतो, आणि तुकड्यांभोवती छोट्या बुडबुड्यांची दाट जाळी धरते. इथून पुढे हलायचं नाही. पांढऱ्या पट्ट्या आधी काचेसारख्या पारदर्शक होतात, मग सोनेरी, आणि तुकडा आक्रसून निम्म्यावर येतो. कडा तपकिरी झाल्या पण मध्ये तुकडा अजून वाकतोय, तिथे थांबा. एकूण 15 ते 20 मिनिटं. आतला गुलाबी रंग गेला नाही म्हणून शिजवत राहू नका. बेकन खारवताना घातलेल्या नायट्राइटमुळे तो रंग शिजल्यावरही राहतो.

झाऱ्याने तुकडे बाजूला काढा. चरबी स्टीलच्या वाटीत गाळून घ्या, कढईत दोन मोठे चमचेच ठेवा. बुडाला चिकटलेला तपकिरी थर मात्र घासून टाकू नका, सगळी चव तिथे आहे.

त्याच चरबीत पातळ उभे चिरलेले कांदे. पाच मिनिटांत कांद्याचं पाणी सुटतं आणि तो थर आपोआप मोकळा होतो. मग मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. इथे घाई करायला वावच नाही. कांदा लाल करायचा नाही, तो पार विरघळायला आला पाहिजे, मधाच्या रंगाचा. बुडाला लागू लागला की चमचाभर पाणी शिंपडा, खरवडा, पुन्हा तसंच. शेवटची पाच मिनिटं ठेचलेला लसूण, मग तिखट आणि मिरी. आता व्हिनेगर ओता. एकदम वाफ येते, तोंड लांब ठेवा. वाफ ओसरली की कॉफी, गूळ आणि बेकनचे तुकडे. झाकण न ठेवता 15-20 मिनिटं आटवा. झालं हे ओळखायची खूण आपल्या रश्श्याचीच: कडेला चरबी सुटते, आणि उलथनं ओढलं की कढईचं बूड क्षणभर उघडं दिसतं.

चव बघायची ती गरम असताना नव्हे, थोडं कोमट झाल्यावर. आमच्याकडे हे काम सासूबाईंचं. त्या बशीत अर्धा चमचा घेतात, डोळे मिटतात आणि बहुतेक वेळा म्हणतात, “अगं, आंबट थोडं हवंय.” आणि त्यांचंच बरोबर असतं. चरबी जिभेवर पसरली की आंबट दबतं, त्यामुळे गरम असताना पुरेसं वाटलेलं व्हिनेगर गार झाल्यावर कमी पडतं. एक चमचा हाताशी ठेवा.

मग मिक्सरचं चटणीचं भांडं. सलग फिरवायचं नाही, थांबत थांबत चार-पाच झटके. मध्येच बाजूला ठेवलेल्या चरबीतला एक चमचा घाला, फार कोरडं वाटलं तर दुसरा. कांद्याचा लगदा आणि चरबी एकजीव होतात, बेकनचे बारीक कण दाताखाली येत राहतात. पार गुळगुळीत वाटण केलंत तर सगळी मजा गेली.

माझ्या जाऊबाई शुद्ध शाकाहारी, म्हणून आमच्याकडे यासाठी कढई, फळी आणि चटणीचं भांडं वेगळंच ठेवलंय, कपाटाच्या खालच्या खणात. करण्याचा दिवसही त्यांना विचारून ठरवते. धुराचा वास पडद्यांत बसतो, एक्झॉस्ट चालू आणि गॅलरीचं दार उघडं हवंच. मिश्र घरात एवढं केलं की कुणाचं मन दुखावत नाही आणि स्वयंपाकही आनंदाने होतो.

साठवणीबाबत मी फार कडक आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. तिथे दोन आठवडे, फ्रीझरमध्ये लहान डब्यांत तीन महिने. लोणच्यासारखं बाहेर ठेवायचं नाही, वर चरबीचा थर ओतूनसुद्धा नाही. मांसाच्या जुन्या पद्धतीच्या लोणच्यात मांस कोरडं होईपर्यंत तळलेलं असायचं आणि मीठ-आंबट भरपूर. इथे ओला कांदा आहे, आणि हवाबंद, कमी आंबट, ओलसर जागा बोटुलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जंतूंना नेमकी मानवते. त्यांची बीजं नुसत्या उकळीने मरत नाहीत. बरण्या उकळून घेतल्या म्हणून निर्धास्त राहू नका.

फ्रीजमधून काढल्यावर चरबी थिजलेली असते. हवी तेवढीच वाटीत काढा आणि गरम पाण्यावर धरा, पूर्ण बरणी बाहेर ठेवायची गरज नाही. टोस्ट आणि अर्धकच्च्या पिवळ्याचं अंडं ही जोडी उत्तमच, पण माझी आवड सांगू? गरम बाफला, आमच्या माळव्यातला कणकेचा गोळा. उकडून भाजलेला बाफला हाताने फोडायचा, तूप घालायचं नाही, वाफ निघत असतानाच मध्ये चमचाभर स्प्रेड दाबायचा आणि वरून चिमूटभर जिरावण, म्हणजे इंदुरी चटपटीत मसाला. रवाळ कणकेत चरबी झिरपते, गूळ आणि धूर मागे राहतो, आणि जिरावणातलं आमचूर सगळं जागं करतं. पावसाळ्यात भाजलेल्या भुट्ट्यावर लिंबाऐवजी हेच चोळून बघा. ज्वारीच्या भाकरीबरोबरही लागतं, सोबत कच्चा कांदा घ्या.

गाळून ठेवलेली चरबी उरेलच. ती फ्रीजमध्ये वेगळ्या वाटीत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात बटाट्याच्या काचऱ्या करा. मोहरी नको, हळद नको, फक्त मिरी. मीठ मात्र शेवटी, चव घेऊन.