नेहमीच्या फाइली एका जागी: नोटपॅड प्लस प्लसमधलं 'फेव्हरिट्स'

लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मी हिशोब लिहितो. सोयाबीनची आवक वाढली की दिवसभर त्याच चार फाइली लागतात: आजचे भाव, बारदाना, हमाली-तोलाई आणि पट्टीचा (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाचा) मसुदा. मागच्या हंगामात एकाच नावाची भावाची फाइल डेस्कटॉपवरही होती आणि डी ड्राइव्हवरही. घाईत जुनी उघडली आणि गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मी कालचा भाव सांगितला. त्या दिवशी ही सोय करून घेतली.

नोटपॅड प्लस प्लस हा विंडोजवर मजकूर लिहायचा प्रोग्राम आहे, फुकट मिळतो. फाइल मेनूत अलीकडच्या फाइलींची यादी असते, पण तिच्यात मूळ सेटिंगप्रमाणे बंद केलेल्या शेवटच्या १० फाइलीच राहतात. दहा पट्ट्या उघडून बंद केल्या की भावाची फाइल यादीतून जाते. रोज लागणारी फाइल हलता कामा नये, म्हणून 'एक्सप्लोरर' हे प्लगइन, म्हणजे जादा सोय देणारी छोटी जोडणी, घ्यायचं.

'प्लगइन्स' मेनूतून 'प्लगइन्स ॲडमिन' उघडा. (हे ७.६ आवृत्तीपासून आहे. तुमची त्याआधीची असेल तर आधी नवी टाका.) 'एक्सप्लोरर' शोधून टिक करा आणि 'इन्स्टॉल' दाबा. विंडोज परवानगी मागेल, ती द्या. नोटपॅड प्लस प्लस बंद होऊन पुन्हा उघडेल.

आता प्लगइन्स, एक्सप्लोरर, फेव्हरिट्स असं जा. बाजूला एक पट्टा उघडेल. हवी ती फाइल उघडी ठेवून पट्ट्याच्या वरच्या भागातलं 'लिंक करंट फाइल' बटण दाबा आणि नाव द्या. नाव देताना आळस करू नका. 'भाव' एवढंच नको, 'भाव सोयाबीन चालू' असं लिहा. पुढे त्या नावावर डबल क्लिक केलं की फाइल समोर. पट्टा कीबोर्डवरून उघडायचा असेल तर 'सेटिंग्ज'मधल्या 'शॉर्टकट मॅपर'मध्ये प्लगइन कमांड्सच्या यादीतून कळ नेमा.

माणसं अडकतात ती पेनड्राइव्हपाशी. लिंक म्हणजे फक्त फाइलीचा पत्ता. दुकानात पेनड्राइव्हला 'ई' अक्षर मिळालं आणि घरी 'एफ', की पत्ता चुकतो, फाइल सापडत नाही. त्यामुळे रोजच्या फाइली संगणकावरच एका फोल्डरमध्ये ठेवा, पेनड्राइव्हवर फक्त प्रत घ्या. आणि लिंक करण्याआधी त्याच नावाच्या जुन्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, नाहीतर चुकीचीच फाइल लिंक होऊन बसेल.

आमच्याकडे वीज कधीही जाते. 'प्रेफरन्सेस'मधल्या 'बॅकअप' पानावर सेशन स्नॅपशॉटची टिक आहे ना, तेवढं पाहून घ्या. सेव्ह न केलेला मजकूर दर ७ सेकंदांनी राखून ठेवला जातो.

पट्ट्यात पाच-सहाच नावं ठेवा. सोयाबीन सरलं की ती लिंक काढून तूर-हरभऱ्याची टाका. लिंक काढली तरी मूळ फाइल जागेवरच राहते.