घरच्या मीडिया सर्व्हरवर फर्माईशी सांभाळताना या चुका टाळा

जळगावच्या आमच्या घरात जेलीफिन (घरातल्या कॉम्प्युटरवरचे सिनेमे-व्हिडिओ सगळ्यांना बघता येतील असं सॉफ्टवेअर) सुरू झालं आणि पंधरा दिवसांत धुळ्याच्या मावशीपासून भुसावळच्या मामेभावापर्यंत सगळ्यांच्या फर्माईशी येऊ लागल्या. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगे, कोणी लग्नाच्या पंगतीत. पहिली चूक इथेच होते: मागणी जिथे आली तिथेच सोडून देणं. जेलीफिनला जोडून चालणारं, मागण्या नोंदवायचं जेलीसीअर (आता त्याचं नाव ‘सीअर’) बसवा आणि प्रत्येक मागणी त्यातच नोंदवा. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या नावाने तुम्ही टाका.

सगळ्यांना आपोआप मंजुरी देऊ नका. प्रत्येकाच्या मागण्यांना मर्यादा घाला, पण ती नगावर चालते, जीबीवर नाही. एक ब्लू-रे पन्नास जीबीपर्यंत जाते, त्यामुळे डिस्कवरची जागा तुम्हालाच बघावी लागते. नकार द्यायचा असेल तर फोन करून कारण सांगा, नुसतं बटण दाबू नका.

डीव्हीडी रिप करून (म्हणजे कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवून) टाकली, तरी मागणी ‘उपलब्ध’ होत नाही? बहुतेक वेळा दोष फोल्डरच्या नावात असतो. ‘डॉन’ एवढंच लिहिलं तर १९७८ चा की २००६ चा, हे जेलीफिनला कळत नाही. चुकीचा जोडला गेला की मागणी तशीच लटकते. नावापुढे कंसात वर्ष लिहा आणि लायब्ररी पुन्हा स्कॅन करा.

सगळ्यात जास्त मन दुखावणारी चूक मात्र वेगळीच. मावशी दर आठवड्याला विचारायची, “कानबाईना व्हिडिओ कवय टाकशी?” मी जेलीसीअरमध्ये शोधायचो, काहीच सापडायचं नाही. सापडणार कसं? ते टीएमडीबी या सिनेमा-मालिकांच्या ऑनलाइन यादीत शोधतं, आणि श्रावणात आपल्या अंगणात झालेलं कानबाईच्या उत्सवाचं शूटिंग त्या यादीत नसतंच. खान्देशातल्या घरांत अशाच फर्माईशी खूप असतात: हळदीतली अहिराणी गाणी, आजोबांची पंच्याहत्तरी. यांच्यासाठी जेलीफिनमध्ये ‘होम व्हिडिओ’ प्रकारची वेगळी लायब्ररी करा आणि मागण्या एका वहीत लिहा.

या मागण्या मागे ठेवू नका. व्हीएचएस कॅसेट जेवढ्या वेळाची, तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो, आणि पेटीत पडलेल्या टेपला बुरशी लागते. मावशीच्या कॅसेटवर पांढरे ठिपके दिसायला लागले होते. ती आधी साफ करून घेतली, मगच व्हीसीआरमध्ये घातली. बुरशीसकट घातली असती तर व्हीसीआरचं टेप वाचणारं हेडही खराब झालं असतं. दोन तासांनी मावशीला लिंक पाठवली.